सर्पगंधेचा उंदीर

नैराश्यावरची कोणतीही गोळी माणसाच्या हाती पडण्यापूर्वी कुठल्या ना कुठल्या प्राण्याच्या पोटातून जाऊन आलेली असते. धडगाव वा अक्कलकुव्याहून नंदुरबारला रुग्णालयात आलेल्या माणसाला अमिट्रिप्टिलीन किंवा फ्लुऑक्सेटिन लिहून दिले जाते तेव्हाही हेच घडलेले असते. मधुमेहाच्या औषधाचे एक बरे असते, उंदराची रक्तशर्करा मोजता येते. ज्वराच्या औषधासाठी तापमापक पुरतो. पण उदास उंदीर ओळखावा कसा? जगण्यात राम उरला नाही, असे काही तो सांगत नाही. या प्रश्नाचे पहिले गंभीर उत्तर एका भारतीय मुळीतून निघाले, आणि तीत मुंबईच्या एका डॉक्टरचा मोठा वाटा होता. तो इतिहास मराठीत सहसा सांगितला जात नाही, म्हणून हा प्रपंच.

ती मुळी सर्पगंधेची. सातपुड्यापासून सह्याद्रीपर्यंतच्या दमट, सावलीच्या रानांत हे झुडूप वाढते. सर्पदंश, निद्रानाश आणि उन्माद यांवर तिचा वापर परंपरेने होत आला. 1931 साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर तिचा गुण येतो, असे लिहिले. त्याच सुमारास सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी दिल्लीत तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी केली. मात्र पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे गेले ते रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील या हृदयरोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे रक्तदाबाच्या रुग्णांना ही मुळी दिली आणि 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आपले निष्कर्ष मांडले. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतला प्रभावी घटक शुद्ध रूपात मिळवला. तेच रेझर्पीन. 1957 साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पुढची गोष्ट मात्र वकिलांच्या हातात राहिली नाही. 1954-55 पासून अमेरिकेतून वृत्ते येऊ लागली, की रक्तदाबासाठी मोठ्या मात्रेत आणि दीर्घकाळ रेझर्पीन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, त्यांची झोप मोडते, एखादा जीव देण्याची भाषा बोलतो. 1955 साली बर्नार्ड ब्रोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की रेझर्पीन दिलेल्या प्राण्याच्या शरीरातील सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. अर्विड कार्लसन यांनी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन व डोपामिन यांविषयी तसेच सिद्ध केले. येथवर सारे प्रयोगाने तपासलेले होते. मग या दोन निरीक्षणांची सांगड घातली गेली: रेझर्पीनने माणूस उदास होतो, रेझर्पीनने मेंदूतील ही द्रव्ये घटतात, म्हणजे उदासपणा हा या द्रव्यांचा तुटवडा.

या अनुमानाला एक प्राणीही मिळाला. रेझर्पीन टोचलेला उंदीर हालचाल थांबवतो, पाठीचा कुबड करून बसतो, त्याचे अंग थंड पडते आणि पापण्या मिटतात. क्षयावरचे औषध म्हणून आलेले इप्रोनियाझिड आधी दिले, तर हाच उंदीर रेझर्पीननंतरही जागा आणि चपळ राहतो. स्टेटन आयलंडच्या सी व्ह्यू रुग्णालयात 1952 साली क्षयाचे रुग्ण याच औषधाने प्रफुल्लित झालेले दिसले होते. 1957 साली नेथन क्लाइन यांनी ते नैराश्याच्या रुग्णांना दिले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या म्युन्स्टरलिंगेन येथून रोलंड कून यांनी इमिप्रामीनचा गुण जाहीर केला, आणि त्या वर्गातील औषधेही रेझर्पीनचे परिणाम परतवतात असे आढळले. मग काय, कंपन्यांना हवी होती तशी चाळणी हाती आली. नवे संयुग घ्यायचे, रेझर्पीन दिलेल्या उंदराला द्यायचे आणि तापमान वाढते का, पापण्या उघडतात का, ते पाहायचे. 1965 साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी द्रव्यांच्या तुटवड्याचा सिद्धांत मांडला, त्याच्या मुख्य आधारांपैकी एक हा उंदीर होता.

येथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. ज्या वर्षी ब्रोडींचा शोध प्रसिद्ध झाला, त्याच 1955 साली लंडनच्या डेव्हिस व शेफर्ड यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक चाचणी छापली. चिंताग्रस्त व उदास रुग्णांपैकी काहींना रेझर्पीन आणि काहींना निष्क्रिय गोळी, अशी विभागणी चिठ्ठी टाकून केली होती. त्या पद्धतीची मानसोपचारातील ही अगदी आरंभीची चाचणी. निष्कर्ष असा, की रेझर्पीन घेणारे रुग्ण अधिक सुधारले. म्हणजे जे द्रव्य उंदराला उदास करते असे मानून सगळी इमारत उभी राहिली, तेच उदास माणसांना बरे करताना दिसत होते! या निबंधाची त्या काळी फारशी दखल कोणी घेतली नाही. पुढे 1970च्या दशकाच्या आरंभी जुन्या रुग्णवृत्तांची फेरतपासणी झाली, तेव्हा खरे नैराश्य थोड्याच जणांत आढळले आणि त्यांतील बऱ्याच जणांना तो आजार पूर्वीही होऊन गेलेला होता. बाकीच्यांची अवस्था सुस्तीची होती. 2003 साली अ‍ॅलन बाउमाइस्टर आदींनी तर या प्रकरणाला सरळ मिथक म्हटले.

चाळणीचे दोष चाळणीतूनच उघड झाले. पार्किन्सनच्या रुग्णांना दिला जाणारा एल-डोपा हा उंदराला उत्तम जागा करतो, पण नैराश्य बरे करीत नाही. उलट मियान्सेरीन हे उपयुक्त औषध या कसोटीत नापास होते. ते हाती लागले मानवी मेंदूच्या विद्युत-आलेखांमुळे. जे आधीच ठाऊक आहे त्याच्यासारखेच आणखी काही शोधायचे असेल, तर ही चाळणी चांगली होती, एवढेच म्हणता येते.

1977 साली रॉजर पोर्सोल्ट यांनी उंदराला पाण्याच्या नळकांड्यात पोहायला लावण्याची कसोटी आणली. उंदीर काही वेळ धडपडतो, मग तरंगत निश्चल राहतो. या निश्चलतेला हताशपणा म्हटले गेले. (शक्ती वाचवणारा उंदीर हताश की शहाणा, हा वाद अजून मिटलेला नाही.) शिवाय माणसावर दोन-तीन आठवड्यांनी लागू पडणारे औषध येथे दिवसभरातच गुण दाखवी. दीर्घकाळच्या नैराश्याचे प्रतिमान म्हणावे असे त्यात काहीच नव्हते.

त्या दिशेने रिचर्ड कॅट्झ यांनी आरंभ केला आणि 1987 साली पॉल विल्नर यांनी त्याला सौम्य पण चिवट रूप दिले. आठवडेच्या आठवडे, कधी काय होईल याचा नेम नसलेले लहान लहान त्रास: तिरपा केलेला पिंजरा, ओले अंथरूण, अवेळी दिवा, मधूनच अन्नपाणी बंद, अनोळखी सोबती. उंदीर मारला जात नाही, उपाशीही मरत नाही. फक्त साखरेचे पाणी आणि साधे पाणी समोर ठेवले, तर पूर्वीइतका गोडाकडे वळत नाही. आमच्या मते या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत प्रामाणिक प्रतिमान. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिल्लांना रोज काही तास आईपासून दूर ठेवून पुढच्या आयुष्यावर होणारे परिणाम अभ्यासले, तेही याच जातीचे काम.

विल्नर यांची यादी वाचताना आम्हाला नंदुरबार जिल्हा आठवला. माणसाला उंदराच्या पंक्तीस बसवण्याचा येथे हेतू नाही. माणूस आपले दुःख भिलीत, पावरीत, अहिराणीत सांगू शकतो, उंदीर नाही, हा भेद आरंभीच नोंदवला आहे. पण 2011च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के आदिवासी असलेल्या या जिल्ह्यातून दरवर्षी असंख्य कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. बारडोलीच्या परिसरात खानदेशातून येणाऱ्या या मजुरांवर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970च्या दशकापासून लिहिले आहे. शेताकडेची पाल, रात्री-अपरात्री भरायला येणारी गाडी, आज येथे तर उद्या दुसऱ्या फडात मुक्काम, घरी राहिलेली किंवा सोबत फरफटलेली मुले. साखर तयार होते ती यांनी तोडलेल्या उसातून.

विल्नर यांच्या त्या प्रयोगातील एक तपशील सहसा वगळला जातो. काही आठवडे नैराश्यरोधक औषध दिल्यावर उंदीर पुन्हा साखरेकडे वळू लागला, हे सगळे सांगतात. औषध सुरू असतानाही त्रास थांबवलेले नव्हते. दिवा अवेळी लागतच होता, अंथरूण ओलेच होत होते, आणि पिंजरा पूर्वीसारखाच तिरपा केला जात होता.