छाटणीच्या काड्यांपासून घन जैवइंधन
महाराष्ट्रातील द्राक्षबागांत एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते. छाटलेल्या काड्या बांधावर जाळल्यास धूर होतो आणि त्यांतील ऊर्जा वाया जाते. याच काड्या वाळवून ओलावा सुमारे १० टक्क्यांवर आणतात व त्यांचा भुसा यंत्रात दाबतात. उष्णतेने लाकडातील लिग्निन मऊ होऊन भुशाला बांधून ठेवते; त्यामुळे सहसा वेगळा चिकट पदार्थ लागत नाही. बारीक कांड्यांना पेलेट, तर मोठ्या ठोकळ्यांना ब्रिकेट म्हणतात. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या धोरणाने औष्णिक वीज केंद्रांत कोळशासोबत ५ टक्के जैवभार जाळण्याचे उद्दिष्ट ठरविले. मात्र काड्या हलक्या व विखुरलेल्या असल्याने त्या गोळा करणे व वाहून नेणे खर्चिक ठरते. त्यामुळे शेताजवळच चुरा करणे किफायतशीर असते.