गुपित कोणी सांभाळायचं?

मागच्या व्याख्यानात आपण संमती या कल्पनेपाशी थांबलो होतो. आज तीच कल्पना घेऊन आरोग्याच्या संकेतस्थळांकडे जाऊ, पण जरा लांबच्या वाटेने.

चरकसंहितेच्या विमानस्थानात आचार्य शिष्याला दीक्षा देताना काही बंधनं घालतात. त्यातलं एक असं, की रुग्णाच्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत. ग्रीकांकडे हिपोक्रेटिसच्या शपथेतही हेच. आता बघा, दोन्हीकडे गुपित राखायचं काम वैद्याचं आहे. रुग्णाने फक्त दुखणं सांगायचं.

संकेतस्थळावर हे उलटं होतं. पासवर्ड आपण ठरवायचा, ओटीपी आपण जपायचा, लांबलचक धोरण आपण वाचायचं आणि ‘मला मान्य आहे’ या चौकटीत खूण करायची. तीही अंगात ताप असताना! वैद्याचं ओझं रुग्णाच्या खांद्यावर कधी आलं, हे सहसा कुणी विचारत नाही.

खरं तर सुरक्षा सोपी हवी, हे जाणकारांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ओग्यूस्त केर्कहॉफ्स या पॅरिसमधल्या भाषाशिक्षकाने १८८३ साली लष्करी सांकेतिक लेखनाचे सहा नियम मांडले. सहावा नियम असा, की पद्धत वापरायला सोपी हवी, डोक्याला ताण देणारी आणि नियमांची जंत्री पाठ करायला लावणारी नको. १९७५ मध्ये सॉल्टझर आणि श्रोडर या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञांनी संगणकातल्या माहितीच्या रक्षणाची आठ तत्त्वं सांगितली. त्यातलं आठवं हेच, माणसाच्या मनाला सहज पटेल, वळेल अशी रचना. दोन्ही याद्यांत ते शेवटी आलं, आणि यादीच्या शेवटाकडे लक्ष किती जातं, हे परीक्षेचे पेपर तपासलेल्या माणसाला सांगायला नको.

१९९९ साली व्हिटन आणि टायगर यांनी त्याची परीक्षाच घेतली. ईमेल वापरणाऱ्या, शिकलेल्या १२ जणांना पीजीपी हे संदेश कुलूपबंद करायचं सॉफ्टवेअर दिलं, आणि वेळ दीड तास. चौघांनाच ते नीट जमलं. तिघांनी तर गुप्त मजकूर चुकून उघडाच पाठवला. कुलूप भक्कम होतं, पण ते लागलंय की नाही हेच माणसांना कळत नव्हतं.

मात्र ‘सोपं’ म्हणजे कोणासाठी सोपं, हा प्रश्न आपल्याकडे जास्त बोचतो. २०२१ मध्ये कोविन सुरू झालं, तेव्हा एका मोबाइल क्रमांकावर चार जणांची नोंद करता येत होती. शहाणपणाची सोय! घरात फोन एकच असतो, हे कुणीतरी ओळखलं होतं. लशीपुरतं ते ठीक. पण गर्भचाचणीचा किंवा एचआयव्हीचा अहवाल त्याच फोनवर आला तर? काही ठिकाणी अहवालाच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. ते घरात कुणाला ठाऊक नसतं? दारावर कडेकोट पहारा, आणि जिच्यापासून जपायचं ती सासू आतच बसलेली. इथे उपाय साधा आहे. कळवायचं कुणाच्या फोनवर, हे नमुना घेतानाच एकट्या बाईला विचारायचं, आणि संदेशात चाचणीचं नाव घालायचं नाही. तिला शिकावं काहीच लागत नाही. शिकायचं ते प्रयोगशाळेने.

कायद्याला हे अर्धंमुर्धं उमगलं आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात म्हटलंय, की संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असावं. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यावी, असंही आहे. सोपेपणा यादीच्या तळातून कायद्याच्या कलमात आला, ही मोठीच गोष्ट. पण एका फोनभोवती जगणारं घर त्या कलमाला अजून दिसलेलं नाही. तिथे एकाची संमती सगळ्यांची धरली जाते, आणि बटण कितीही सोपं केलं तरी ते दाबणारा अंगठा कुणाचा, हे यंत्राला कळत नाही.

इथे थांबू. प्रश्न घेऊ या.