भोयांचे पाय, अकिलीसची टाच
१० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाखाली जखमी अफझलखानाला पालखीत घालून भोई निघाले, तेव्हा संभाजी कावजीने त्यांच्या पायांवर वार करून पालखी पाडली, असे सभासदाची बखर सांगते. त्या भोयांचे पुढे काय झाले, याची नोंद तिने ठेवलेली नाही.

ओझे वाहणाऱ्याची खरी मदार टाचेमागच्या धोंडशिरेवर. पोटरीचे बळ ती टाचेच्या हाडाला पोचवते. ती तुटली की चवड्यावर उभे राहता येत नाही. १६९३ मध्ये फिलिप फेरहेइन या शरीरशास्त्रज्ञाने तिला नाव दिले ते मात्र अकिलीस या ग्रीक वीराचे.

नाव मिळाले, तरी दुखणे चुकतच राहिले. शीर तुटलेला माणूस लंगडत का होईना, चालतो; इतर स्नायू पाऊल थोडे हलवतात. त्यामुळे मुरगळले समजून लेप लावला जातो. १९५७ मध्ये सिमंड्स आणि १९६२ मध्ये थॉम्पसन यांनी साधी परीक्षा मांडली : रुग्णाला पालथे झोपवून पोटरी दाबायची, पाऊल हलले नाही, तर शीर तुटली असे धरायचे.

वेळेत कळले, तर चवडा खाली झुकवून घातलेल्या प्लास्टरने किंवा टाके घालून शीर सांधता येते. उशीर झाला की तुटलेली टोके दुरावतात आणि उपचार अवघड होतात. या परीक्षेला यंत्र लागत नाही. वीराच्या नावाची ही शीर हमालाच्या पायातही आहे, एवढे ध्यानात ठेवून कोणीतरी त्याची पोटरी दाबून पाहावी लागते.