स्मृतिमोचन, जावा भाषेतील

स्मृतिमोचन, जावा भाषेतील : संगणकाच्या आज्ञावलीने कामापुरती घेतलेली आणि पुढे निरुपयोगी झालेली स्मृती आपोआप मोकळी करण्याची व्यवस्था. ती ‘गार्बेज कलेक्शन’ या नावाने ओळखली जाते. स्मृती नेमकी केव्हा मोकळी करावी, हा तिच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

आरंभी हे काम आज्ञावलीकारच करीत असे. वापरातील स्मृती चुकून मोकळी केल्यास माहिती बिघडे; मोकळी करावयाची राहिल्यास स्मृती हळूहळू संपे. जॉन मकार्थी या अमेरिकन शास्त्रज्ञांनी लिस्प भाषेसाठी योजलेला उपाय १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. आज्ञावलीच्या हाती असलेल्या निर्देशांपासून निघून माहितीच्या ज्या घटकांपर्यंत पोहोचता येते, त्यांवर या रीतीत खूण केली जाते व उरलेल्यांची जागा परत घेतली जाते. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी प्रत्येक घटकाकडे येणारे निर्देश मोजण्याची रीत मांडली. तथापि एकमेकांकडे निर्देश करणारे घटक निरुपयोगी झाले, तरी त्यांची गणती शून्यावर येत नाही.

सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९९५ मध्ये जाहीर केलेल्या जावा भाषेत ही व्यवस्था अंगभूत आहे. घटक अप्राप्य झाला की तो मोचनास केवळ पात्र ठरतो. त्याची जागा सामान्यतः नव्या घटकांना स्मृती अपुरी पडू लागल्यावर परत घेतली जाते. आज्ञावलीकाराने संकलनाची आज्ञा दिली, तरी ती विनंतीच ठरते. मोकळी झालेली स्मृतीही परिचालन प्रणालीकडे लगेच जातेच असे नाही. आज्ञावली निष्क्रिय असताना ती परत करण्याची सोय ‘जी-वन’ या संकलकात २०१९ मध्ये झाली.

प्राप्य घटक उपयुक्त असतोच असे मात्र नाही. ग्रंथालयाच्या आज्ञावलीने जुन्या सभासदांच्या नोंदी यादीत तशाच ठेवल्या, तर त्या कधीही न वाचल्या गेल्या तरी स्मृती अडवितात. मुंबईच्या पवई येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील उदय खेडकर, अमिताभ सन्याल व अमेय करकरे यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात या प्रश्नाचा विचार केला. आज्ञावली चालण्यापूर्वीच तिचे विश्लेषण करून, पुढे न लागणारे निर्देश योग्य ठिकाणी रद्द करण्याची रीत त्यांनी जावासाठी दाखविली. त्यामुळे असे घटक लवकर अप्राप्य होतात.

कोणती माहिती पुढे लागेल, हे प्रत्येक आज्ञावलीबाबत आधी निश्चितपणे ठरविता येत नाही. म्हणून शंका असेल तेथे घटक राखून ठेवणे, हेच या सर्व रीतींचे मूलतत्त्व राहिले आहे.