बहिष्काराच्या दोन दिशा

'बहिष्कार' या शब्दाला मराठीत दोन परस्परविरोधी दिशा आहेत. जातीने व्यक्तीला वाळीत टाकणे ही एक. वंगभंगानंतर, १९०५ पासून, प्रजेने राज्यकर्त्यांच्या मालाकडे पाठ फिरविणे ही दुसरी. १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी आपल्या पाक्षिकास 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले, तेव्हा पहिली दिशा संपलेली नाही याचेच स्मरण करून दिले. डिसेंबर २०१० मधील एका अमेरिकी प्रकरणात या दोन्ही दिशा समोरासमोर आल्या.

२८ नोव्हेंबरपासून विकिलीक्सने अमेरिकी वकिलातींचे गोपनीय संदेश प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. सिनेटर जो लिबरमन यांच्या कार्यालयाकडून विचारणा झाली आणि १ डिसेंबरला ॲमेझॉनने आपल्या संगणकांवरील विकिलीक्सची जागा काढून घेतली. पाठोपाठ पेपाल, मास्टरकार्ड व व्हिसा यांनी देणग्यांची वाट बंद केली. कारण दबाव नसून करारभंग आहे, असा ॲमेझॉनचा खुलासा होता. तो अमान्य करून डॅनियल एल्सबर्ग यांनी खुल्या पत्राद्वारे ॲमेझॉनवर बहिष्काराचे आवाहन केले.

व्हिएतनाम युद्धासंबंधीचे 'पेंटॅगॉन पेपर्स' १९७१ मध्ये उघड करणारे ते हेच एल्सबर्ग. त्या वेळी प्रकाशन रोखण्यासाठी शासनाला न्यायालयात जाऊन कारणे द्यावी लागली. ३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती अपुरी ठरविली. २०१० मध्ये ना बंदीहुकूम निघाला, ना सुनावणी झाली. जे न्यायालयाने शासनास नाकारले होते, ते करारातील एका कलमाने साधले.

या बहिष्काराचे मर्म येथे आहे. विकिलीक्सचा प्रत्येक निर्णय योग्य मानल्याखेरीजही तो समर्थनीय ठरतो. कारण बंदी घालावयाची तर ती उघडपणे, कायद्याच्या कसोटीवर घाला, एवढीच त्याची मागणी होती. ॲमेझॉनने निर्णय बदलला नाही, हेही खरे. मात्र एप्रिल २०१३ मध्ये आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने, देणग्या स्वीकारण्याचा करार व्हिसाच्या तेथील भागीदार कंपनीने बेकायदा मोडला, असा निर्णय दिला. प्रश्न न्यायालयापुढे येताच 'अटींचा भंग' हे उत्तर पुरेसे ठरले नाही.

आपल्या समीक्षेने सेन्सॉरशिपचा विचार प्रायः शासन, लेखक व प्रकाशक यांच्यापुरता केला आहे. जागा भाड्याने देणारा आणि पैसे पोचविणारा मध्यस्थ आता त्या चर्चेत घ्यावा लागेल. वाळीत टाकण्याचा अधिकार पूर्वी जातपंचायतीकडे होता. निदान पंच कोण, हे गावाला ठाऊक असे.