तळे खुले होते, पाणी नव्हते

"मुक्त सॉफ्टवेअरमध्ये जात नसते, तिथे फक्त कोड बघतात," असे आम्हाला वारंवार ऐकवले जाते. नातेपुत्याच्या माणसाला ही भाषा ओळखीची आहे. आषाढी वारीत माउलींची पालखी आमच्या गावी मुक्कामाला येते, तेव्हा वाटेवरचा प्रत्येकजण 'माउली' असतो. पालखी पुढे गेली की पुन्हा आडनाव विचारले जाते.

आज आमची मुले लिनक्ससारख्या सॉफ्टवेअरकडे वळत आहेत. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कोणीही वाचावा आणि दुरुस्त करावा असा हा सार्वजनिक ठेवा. पण सार्वजनिक म्हटले की सर्वांचे होते का? आडनाव कळताच टोमणे, आरक्षणावरून हिणवणे, पाठलाग करून शिवीगाळ सुरू झाली, तर सल्ला एकच मिळतो: "दुर्लक्ष करा."

हा सल्ला किती पोकळ आहे, ते महाडने दाखवून दिले आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले, पण फक्त कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा ठरावाची खरी परीक्षा झाली. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठवली गेली आणि परिषदेला आलेल्या लोकांवर काठ्या चालल्या. पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

म्हणजे अफवा, मारहाण, अपमान आणि शेवटी नियमच रद्द. आजच्या ऑनलाइन छळाचा क्रम याहून वेगळा आहे का?

बाबासाहेबांनी दुर्लक्ष केले नाही. चिडलेल्या आपल्या माणसांना त्यांनी उलट हात उचलू दिला नाही. हल्लेखोरांविरुद्ध खटला झाला आणि काहींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. 'बहिष्कृत भारत'मधून त्यांनी विरोधकांना मुद्देसूद उत्तरे दिली. डिसेंबरमध्ये न्यायालयाचा मनाई हुकूम आला, तेव्हा तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब करून ते खटला लढले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. पाणी घेतल्यापासून दहा वर्षांनी!

आता लिनक्सकडे पाहू. तिथल्या उद्धट, अपमानास्पद भाषेला कंटाळून सेज शार्प यांनी काम सोडल्याचे २०१५ मध्ये जाहीर केले. सप्टेंबर २०१८ मध्ये खुद्द लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली आणि लिनक्सने आचारसंहिता स्वीकारली. ती कोरालाइन अडा एमके यांनी २०१४ साली मांडलेल्या 'कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट'वर आधारलेली होती. त्या संहितेत वंश होता, धर्म होता, लिंगभाव होता. जात नव्हती. 'जात' हा शब्द कव्हेनंटच्या २.१ या आवृत्तीत आला.

कोणी म्हणेल, एका शब्दाने काय होते? शब्द नसला की तक्रार करणाऱ्यालाच आधी जात म्हणजे काय ते समजावून सांगावे लागते, आणि ऐकणारा म्हणतो, "हा तुमचा आपसातला वाद आहे." शब्द असला की निदान तक्रार दाखल होते.

पण महाडचा धडा त्याच्याही पुढचा आहे. ठराव होता, अंमल नव्हता. म्हणून आमच्या मुलांना आम्ही सांगतो: प्रकल्पात पाऊल टाकण्याआधी त्याची आचारसंहिता वाचा. तिच्यात जात आहे का पाहा. तक्रार कोणाकडे करायची आणि त्या समितीत कोण बसते, हे विचारा. छळाचा प्रत्येक पुरावा तारखेसह जपून ठेवा. शिवीला शिवी देऊ नका, पण गप्पही बसू नका. आणि एकट्याने लढू नका. महाडला कोणी एकटे गेले नव्हते.

काम सोडून निघून जाणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. दोष तळ्याच्या राखणदारांचा आहे. खुल्या तळ्यावर पाणी पिणाऱ्याला मार बसत असेल, तर ते तळे खुले नाही.

जय भीम!