कर्णबधिर मुलांची भाषा आणि शाळेत नसलेलं एक पद

निजामाच्या राजवटीत शिकलेल्या आजोबांच्या गोष्टी आपल्या धाराशिव जिल्ह्यात अनेक घरांत सांगितल्या जातात. घरात मराठी, शेतात मराठी, पण वरच्या वर्गात गेलं की शिक्षण उर्दूतून. १९१८ ला हैदराबादेत सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ तर उर्दू माध्यमाचंच. उर्दूशी कुणाचं वैर नव्हतं. दुखणं हे होतं की स्वतःची भाषा वर्गाच्या दाराबाहेर ठेवून आत जावं लागायचं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते चित्र बदललं.

याच जिल्ह्यात काही मुलं अशी आहेत की ज्यांची भाषा आजही दाराबाहेरच आहे. मी सांकेतिक भाषेच्या दुभाषाचं काम करते, म्हणजे शिक्षक बोलतात ते कर्णबधिर मुलांना खुणांत सांगते आणि मुलांचं शिक्षकांना बोलून सांगते. हे काम शाळेत इतकं दुर्मिळ का, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

सप्टेंबर १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षणावर परिषद भरली. १६४ प्रतिनिधींमध्ये स्वतः कर्णबधिर असलेला फक्त एक. तिथे ठरलं की मुलांना ओठ वाचायला आणि तोंडाने बोलायलाच शिकवायचं, हातांची भाषा नको. पाचच वर्षांनी, १८८५ मध्ये, मुंबईत माझगावला बिशप लिओ म्युरिन यांनी भारतातली पहिली मूकबधिर शाळा काढली. पुढे देशभर शाळा निघाल्या, पण मिलानच्या विचाराची सावली त्यांच्यावर राहिलीच. वर्गात हात हलवला म्हणून छडी खाल्लेले वयस्क कर्णबधिर मला भेटलेत.

ओठ वाचणं किती अवघड आहे ते आरशासमोर करून बघा. आवाज न काढता 'पान' म्हणा, मग 'मान' म्हणा. ओठ सारखेच हलतात. क, ख, ग तर घशातच राहतात, बाहेर काही दिसत नाही. त्यात शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलायला लागले की विषयच संपला.

१९६० मध्ये अमेरिकेत विल्यम स्टोकी यांनी दाखवून दिलं की खुणांची भाषा म्हणजे नुसते हातवारे नाहीत, तिला स्वतःची रचना आहे. आपल्याकडे १९७७ पासून मदन वशिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय सांकेतिक भाषेचा अभ्यास सुरू केला. वशिष्ठ स्वतः कर्णबधिर. शहराशहरात काही खुणा बदलतात, पण व्याकरणाचा सांगाडा एक आहे, आणि तो मराठीचा नाही. आपण विचारतो 'तू कुठे जातोस?' खुणांत 'कुठे' शेवटी येतं आणि प्रश्न चेहऱ्यावरही दिसावा लागतो.

१९८३ मध्ये मुंबईत वांद्र्याला श्रवण अपंगांसाठी राष्ट्रीय संस्था सुरू झाली. नाव अली यावर जंग यांचं. हे महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि त्याआधी त्याच उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू! त्यांच्या नावाच्या संस्थेत २००१ पासून सांकेतिक भाषेचे अभ्यासक्रम चालू झाले. २०१५ मध्ये दिल्लीत या भाषेसाठी स्वतंत्र केंद्र आलं, आणि २०२१ पर्यंत त्याच्या शब्दकोशात १० हजार शब्द झाले.

कायदाही आला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की कर्णबधिर मुलाला त्याला योग्य अशा भाषेतून शिक्षण मिळालं पाहिजे आणि सांकेतिक भाषा येणारे शिक्षक नेमले पाहिजेत. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत मिलानच्या ठरावाबद्दल खेदही व्यक्त झाला. म्हणजे कागदावर भांडण जिंकलंय.

आणि वर्गात? गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक असतात, मनापासून काम करणारे असतात. पण एका माणसाकडे अनेक शाळा आणि सगळ्या प्रकारच्या दिव्यांग मुलांची जबाबदारी. ते येतात, मार्गदर्शन करतात, पुढच्या शाळेत जातात. रोजचा विज्ञानाचा तास मुलापर्यंत कोण पोचवणार? मूल पहिल्या बाकावर बसून फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवतं. अक्षर मोत्यासारखं. सगळे म्हणतात, हुशार आहे. त्याच वहीतल्या एका ओळीचा अर्थ विचारा, मूल तुमच्या तोंडाकडे बघत राहतं. दहावीच्या परीक्षेत या मुलांना जादा वेळ मिळतो. पण जे वर्गात पोचलंच नाही, ते जादा वेळात कुठून लिहायचं?

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण आमच्या क्षेत्रातही ती टाळली जाते. नुसता दुभाषा नेमून भागणार नाही. बहुतेक कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. घरात जेवण, पाणी, झोप एवढ्या खुणांवर चालतं. सातवीत गेलेल्या मुलाला भाषाच मिळाली नसेल तर मी 'प्रकाशसंश्लेषण' कितीही नीट खुणांत सांगितलं तरी व्यर्थ. म्हणून लहान वयात भाषा हवी, आणि ती देणारं उत्तम माणूस म्हणजे मोठं झालेलं कर्णबधिर माणूस. दुभाषा त्यानंतर.

पैसे नाहीत, हे उत्तर येणारच. प्रत्येक गावात एकेक दुभाषा कुणी मागत नाही. आठ तालुके आहेत. पालकांची तयारी असेल तर प्रत्येक तालुक्यात जिल्हा परिषदेची एक शाळा निवडा, तिथे एक कर्णबधिर शिक्षक आणि दोन दुभाषे द्या. दोन यासाठी की दिवसभर एकट्याचे हात चालत नाहीत आणि थकला की अर्थ गळतो. मुलं एकमेकांत असली तर भाषा मधल्या सुट्टीतही वाढते.

१७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो. सहाच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन असतो. यंदा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या शाळेत कर्णबधिर मूल आहे का, आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारं कोण आहे? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. पदाची मागणी तिथूनच सुरू होईल.